उरलेल्या चौऱ्याऐंशी खाटा

डॉक्टरबाईंना राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याचा त्यांना चांगलाच अभिमान होता. पेपर आला की पहिली पानं न वाचताच त्या नवऱ्याकडे सरकवायच्या. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं सोळा खाटांचं प्रसूतिगृह होतं. खाली तपासणीची खोली, वर वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर, त्याच्याही वर घर. नवरा भूलतज्ज्ञ. सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त शाळेला माहीत होतं. सासूबाईंना ते अजून कुणी कळवलं नव्हतं.

अशा सुखाच्या संसारात एका दुपारी बसड्रायव्हरची बायको बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, सगळे हसले. आणि मग रक्तस्राव थांबेना. बाईंनी हाताशी होतं ते सगळं केलं. आता हवं होतं रक्त, आणि रक्त होतं दीड तासावरच्या शहरात. ड्रायव्हर दाराशी शर्टाची बाही दंडापर्यंत सरकवून उभा होता. "आमचा दोघांचा गट एकच आहे बाई. लागेल तेवढं घ्या."

पण माणसाच्या दंडातलं रक्त असं काढून दुसऱ्याला देता येत नाही, ते आधी तपासावं लागतं. आणि तपासलेलं रक्त आणून ठेवायची परवानगी कायद्यानं फक्त शंभर खाटांच्या रुग्णालयाला होती. बाईंनी ती तीनदा मागितली होती आणि तीनदा एकच उत्तर आलं होतं, खाटा अपुऱ्या. अँब्युलन्स निघाली. शहराच्या इमारती दिसायच्या आतच ती बाई गेली.

काही आठवड्यांनी ड्रायव्हर मुलीला लस टोचायला घेऊन आला. तो आरडाओरडा करील, शिव्या देईल अशी बाईंनी मनाची तयारी केली होती. त्यानं तसं काही केलं नाही. मुलीला खांद्यावर थोपटत त्यानं विचारलं, "बाई, हा शंभर खाटांचा नियम कुणी केला?"

"सरकारनं."

"म्हणजे नेमकं कुणी?"

शरीरातल्या प्रत्येक शिरेचं नाव बाईंना पाठ होतं, आणि एवढं साधं माहीत नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. "मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

"मग विचारून सांगा," तो म्हणाला. पुढची लस कधी, हे विचारावं तितक्या साधेपणानं.

पेशंटचा प्रश्न अनुत्तरित ठेवायची बाईंना सवय नव्हती. त्या विचारत सुटल्या. एका कार्यालयानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसरीकडचे साहेब चहा ढवळत म्हणाले, "बाई, हा कायदा आहे. तो सभागृहात होतो आणि सभागृहातच बदलतो. बदलायचा असेल तर निवडून जा." बाईंना वाटेला लावण्यासाठी साहेब तसं म्हणाले होते, ते इतकं मनावर घेतलं जाईल हे त्यांना काय माहीत.

"मी निवडणुकीला उभी राहतेय," बाईंनी जेवताना सांगितलं.

नवऱ्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "अगं, लोकांना भूल द्यायची पदवी माझ्याकडे आहे. तू कशाला?"

"तुझ्या भुलीतून लोक जागे होतात. म्हणून तू चालणार नाहीस."

दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी घास शांतपणे संपवला. "या भागातली निम्मी माणसं माझ्या हातचा मार खाऊन मोठी झालीत," त्या म्हणाल्या. "मत दुसरीकडे कसं टाकतात तेच बघते." प्रचारप्रमुख कोण, हा प्रश्न तिथेच मिटला.

प्रचार मात्र सगळा आनंदीआनंद होता. बाई उमेदवार म्हणून हात मिळवायच्या आणि सवयीनं बोटं मनगटावर सरकवायच्या. मत मागायला घरात शिरलेली बाई त्या घरातल्या आजोबांची जीभ बघून, मीठ कमी करा असं बजावून बाहेर यायची. मत मागायचं राहूनच जायचं. "अगं, हात जोडायचेत, नाडी नाही बघायची," सासूबाई कपाळाला हात लावायच्या. भाषण म्हणाल तर दोन मिनिटांत संपायचं. बाई म्हणायच्या, "मला एकच काम करायचंय. प्रत्येक गावात रक्त ठेवता आलं पाहिजे. झालं. कुणाला काही त्रास आहे का?" की लागलीच व्यासपीठापाशी रांग.

समोर उभे होते जुने सदस्य, चार वेळा निवडून आलेले, तोंडानं गोड. त्यांनी भर सभेत टोला हाणला. "बाई हुशार आहेत. पण सुई टोचणं वेगळं आणि राज्य चालवणं वेगळं." लोक हसले. सासूबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सभेत माईकशेजारी टेबल, दोन खुर्च्या आणि रक्तदाबाचं यंत्र मांडलं. आधी तपासणी, मग दोन मिनिटांचं भाषण. गाडी सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हर चालवायचा आणि पोर सासूबाईंच्या मांडीवर झोपायचं. बाकीच्या उमेदवारांना लोक ऐकायला यायचे, बाईंना लोक स्वतःचं सांगायला यायचे. निकालाच्या दिवशी जुन्या सदस्यांना जावयानं पंख्याखाली बसवलं, आणि गुलालात माखलेल्या सासूबाई पेढे नकोत, आधी मोजणी पुरती होऊ द्या, असं सगळ्यांना दटावत होत्या. मोजणी पुरती झाली. बाई दणक्यात निवडून आल्या होत्या.

पण निवडून येणं म्हणजे नुसतं दार उघडणं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. सभागृहात मागच्या बाकावरून बाई बघत राहिल्या. जो तो उठायचा आणि आरोग्यमंत्र्यांवर तुटून पडायचा. मंत्री वाईट माणूस नव्हते, मुरलेले होते. आरडाओरडा सुरू झाला की ते शांतपणे चष्मा पुसायचे. गोंधळ वाढायचा, वेळ संपायचा, प्रश्न वाहून जायचा.

बघता बघता बाईंना त्यांचे शिकवणारे सर आठवले. दुखरं पोट घेऊन पेशंट आला, की नवशिका डॉक्टर थेट दुखतं तिथेच दाबतो. पेशंट पोट ताठ करतो आणि मग काही म्हणजे काही हाताला लागत नाही. सर सांगायचे, लांबून सुरुवात करा. दुखतं तिथे हात शेवटी. आणि हात पोटावर असला तरी नजर चेहऱ्यावर. इथे सगळे पहिल्या फटक्यात दुखऱ्या जागी दाबत होते, आणि मंत्री पोट ताठ करून बसले होते.

आरोग्य कायद्याचं दुरुस्ती विधेयक चर्चेला आलं त्या दिवशी बाई उठल्या.

"माननीय मंत्र्यांनी सांगावं, राजधानीच्या मोठ्या रुग्णालयात रक्त कशात ठेवतात?"

मंत्री हसले. "फ्रीजमध्ये. डॉक्टर असून हे मला विचारता?" सभागृहही हसलं. बाईंनीही हसून घेतलं.

"त्या फ्रीजकडे लक्ष कोण देतं?"

मंत्र्यांनी मागे बसलेल्या सचिवांना विचारून सांगितलं, "प्रशिक्षित तंत्रज्ञ. प्रत्येक पाळीला एक."

"आणि वीज गेली तर?"

"जनरेटर आहे." मंत्री आता खुशीत आले होते. असे सोपे प्रश्न त्यांना वर्षात कुणी विचारले नव्हते.

"तंत्रज्ञ माझ्याकडे आहेत," बाई म्हणाल्या. "जनरेटर आहे. फ्रीज आहे, तो रिकामा उभा आहे. खाटा सोळा आहेत. मंत्र्यांनी एवढंच सांगावं, की फ्रीज थंड ठेवायला उरलेल्या चौऱ्याऐंशी खाटा नेमकं काय करतात?"

हशा पिकला. नेहमीची रीत अशी, की हशा मिळाला की सदस्याला चेव यायचा, तो बोलतच सुटायचा आणि त्या बोलण्याच्या आडून मंत्री निसटायचे. बाई काही बोलल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या आणि मंत्र्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. हशा विरला. बाई तशाच उभ्या.

"सदस्यांचं बोलणं संपलं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"संपलं, अध्यक्ष महोदय. उत्तराची वाट बघतेय."

मंत्र्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मंत्र्यांचा हात चष्म्याकडे गेला, पण पुसायला निमित्त देणारा गोंधळच नव्हता. तेवढ्यात त्यांच्याच पक्षाचे एक म्हातारे सदस्य जागेवरूनच म्हणाले, "सांगा की साहेब. आमच्या डोंगरातल्या दवाखान्यात वीसच खाटा आहेत. माझी थोरली सून वाटेतच गेली." मग दुसरा कुणी उठला, मग तिसरा. कुणी ओरडत नव्हतं. प्रत्येकाच्या गावात अशी एक तरी बाई होती.

"काही करत नाहीत," मंत्री शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम घरातला झाला होता. "त्या चौऱ्याऐंशी खाटा काहीच करत नाहीत."

ही अट घातली कुणी, याचा मग शोध झाला. खूप जुन्या बैठकीत कुणीतरी आकडा घातला होता. का, ते कुणालाच सांगता येईना. बहुधा गोल दिसतो म्हणून. बाईंना ते ऐकून संताप आला, डोळ्यांत पाणीही आलं. गोल दिसणाऱ्या आकड्यानं एका पोरीची आई नेली होती. मंत्र्यांनी स्वतःच ती अट काढायची सूचना मांडली आणि मतदानाला विरोधात एकही हात वर झाला नाही. बाकं वाजली.

पुढच्या अधिवेशनात, रस्त्यांवर रटाळ चर्चा चालू असताना, नवऱ्याचा निरोप आला: "दोन पिशव्या लागल्या. बाळंतीण आणि मुलगा ठणठणीत. भूक लागली म्हणून ती सगळ्यांवर ओरडतेय." बाई भर सभागृहात मोठ्यानं हसल्या. अध्यक्षांनी हटकलं तेव्हा त्यांनी उभं राहून निरोप वाचून दाखवला. रस्ते बाजूला राहिले. सगळ्यात आधी बाक वाजवलं ते आरोग्यमंत्र्यांनी.

रविवारी प्रसूतिगृहाच्या अंगणात रक्त गोळा करणारी गाडी आली. सासूबाई रांग लावत होत्या, आणि चाळिशीतली माणसं त्यांच्यापुढे हाताची घडी घालून उभी होती. सगळ्यात पुढे ड्रायव्हर होता. बोटाला धरून त्याची लेक, नुकती चालायला लागलेली.

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "तो नियम कुणी केला ते शेवटपर्यंत सापडलं नाही."

"राहू द्या," तो म्हणाला. "नवा कुणी केला ते माहीत आहे."

बाईंनी दंडाला बांधायचा पट्टा हातात घेतला आणि त्यांना समोरचं काही दिसेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"डोळे पूस आधी," सासूबाई मागून म्हणाल्या. "मग सुई धर." त्यांचाही पदर डोळ्यांशी होता.

ड्रायव्हरनं लेकीला सासूबाईंच्या कडेवर दिलं, खुर्चीत बसला आणि शर्टाची बाही दंडापर्यंत वर सरकवली.

"घ्या बाई," तो म्हणाला. "लागेल तेवढं घ्या."