छातीवरची जांभळी चौकट

आमच्या घरात माणूस मरायच्या आधीच वाटण्या सुरू होतात, हे मले त्या हिवाळ्यात समजलं.

आमचे हे, म्हंजे चंपतराव, काटोलच्या मंडीत संत्र्याचा हर्रास पुकारत. आवाज असा, का एस्टी स्टँडवरचा माणूस मान वळवून पाहे. बिड्या फुकून फुकून फुफ्फुसाले कॅन्सर झाला. नागपूरले कोबाल्टच्या मशीनचे शेक घेतले, खोकला थांबला, मी देवाले नारळ फोडला. दोन महिने झाले नाही, तं पुन्हा ताप, कोरडा खोकला, जराशे चालले का दम.

काटोलातच एक्स-रे काढला. माझे भासरे महादेवराव, यायचे मोठे भाऊ, त्यायनं फोटो खिडकीसमोर धरला, पांढरा डाग पाहिला आन् डोळे पुसत म्हणाले, "परत आला गा, चंपत."

झालं! दुसऱ्या दिवसापासून भेटीले येणाऱ्यांची रांग. यायनंही हाय खाल्ली. लोकरीचा कोट भावाले देऊन टाकला. हर्रासाची जागा हाताखालच्या गिरिधरले दिली, त्याचा आवाज म्हंजे मांजरीचं पिल्लू. मले म्हणाले, "गोपिके, आता नागपूरले नेऊ नोको. घरीच मरू दे."

माझं डोकंच फिरलं. "मरता म्हून डॉक्टरनं सांगतलं, का त्या खिडकीनं?" म्हटलं, आन् स्वेटर घालून पहिल्या गाडीत बसवलं.

नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरनं जुना आन् नवा फोटो शेजारी शेजारी लावला. मंग म्हणाले, "सदरा काढा."

छातीवर जांभळी चौकट होती. शेक कुठं द्याचा, ते मशीनवाल्यानं शाईनं आखलेलं.

"ही अजून कशी राहिली? केव्हाच जायला हवी होती!"

"तुमच्याच माणसानं सांगतलं, पुसू नोका. पुसा म्हून कोणी सांगतलं? फिकी पडली का मी गिरवत होती."

डॉक्टर हसत सुटले. बोट आधी डागाच्या कडेवर ठेवलं, मंग छातीवरच्या रेघेवर. "बाई, हे पाहा. डागाची कडसुद्धा इथंच, अशीच सरळ आहे. कॅन्सर काही पट्टी लावून वाढत नाही. शेक दिला तेवढ्याच जागी फुफ्फुसाला सूज आलेली दिसते. गोळ्या देतो. थुंकी तपासू, महिन्यानं पुन्हा फोटो काढू, मग खात्रीनं सांगीन."

"मंग तोवर रेघ पुसत नाही," मी म्हटलं.

महिनाभर गोळ्या चारल्या. भूक अशी लागली का भाकरी पुरेना. थुंकीत काही निघालं नाही. नव्या फोटोत डाग विरत आलेला. डॉक्टर म्हणाले, "सूजच होती. कॅन्सर परतलेला नाही. पुसा आता." मी तिथंच मोठ्यानं रडली. कोणाची लाज?

काटोलले उतरल्यावर हे घरी नाही, सरळ मंडीत. गिरिधर ओट्यावर किरकिर करून राहिला होता. "उतर गा खाली," म्हणाले, आन् बोली पुकारली. पहिला शब्द फाटला. दुसरा असा निघाला का पार फाटकापाशी ऐकू गेला. दलाल टोप्या सावरत धावले. महादेवराव समोरच उभे, आंगात आमचा कोट. मी नुसता हात पुढं केला. त्यायनं कोट काढून दिला.

संध्याकाळी पाणी तापवलं, साबण घेतली आन् चौकट घासाले बसली.

"अवं, पोळलं नं!" हे असे ओरडले का शेजारची इंदूबाई पिठाच्या हातानं धावत आली. "काय झालं वं?"

"काही नाही," मी म्हटलं. "ओरडू दे त्यायले." आन् अजून एक तांब्या ओतला.