खुंटीवरची पेंढी

"...तर या वर्षीच्या आगेऱ्याची पहिली पेंढी आपल्याच पॅरिशच्या हद्दीत पिकलेली असेल," फादर ऑल्विन म्हणाले आणि थोडं थांबले, म्हणजे लोकांना उत्सुकता वाटावी. "समोरच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर. आपल्या कादंबरी साळवे यांच्या बाल्कनीत."

देवळात टाळ्या वाजल्या. मिस्सा चालू असताना टाळ्या वाजवायची पद्धत फादर ऑल्विननीच आणलेली. फिलोमिनाने वाजवल्या नाहीत, कारण तिच्या हातात जपमाळ होती. तासभर ती माळ पर्समध्येच होती, आत्ताच निघाली.

शेजारी बसलेल्या रोझीने कोपर मारलं. "ऐकलंस ना गो फिलू? भात. बाल्कनीन."

"मना कान हायत," फिलोमिना म्हणाली.

कांदळपाड्याचं पवित्र इसिदोरचं देऊळ किती जुनं, ते नक्की कोणालाच माहीत नाही. दारावरच्या दगडात साल कोरलेलं होतं, ते चुन्याखाली गेलं. मग चुना खरवडायला कंत्राटदार आला, त्याने चुन्याबरोबर सालही खरवडलं. म्हातारी माणसं सांगायची, पहिलं देऊळ कुडाचं होतं. एका पावसाळ्यात ते बसलं, आणि नव्याने शाकारायला पेंढा दिला तो फिलोमिनाच्या नवऱ्याच्या, इनासच्या खापरपणजोबांनी. पुढे कौलं आली, पत्रे आले, स्लॅब आला; पण त्या पेंढ्याची आठवण म्हणून दारावर एक सागाची खुंटी राहिली. दर ऑक्टोबरात, आगेऱ्याच्या म्हणजे नव्या भाताच्या सणाला, इनासच्या घरची पहिली पेंढी मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायची. फादर पाणी शिंपडायचे आणि घरची सून ती खुंटीला टांगायची. वर्षभर तिथेच, पुढच्या आगेऱ्यापर्यंत. दुसऱ्या घरांकडे फेस्ताचे, देवळाच्या वार्षिक सणाचे मान होते, कोणाकडे घंटा, कोणाकडे झेंडा. यांच्याकडे खुंटी. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला दागिने दाखवायच्या आधी खुंटी दाखवली होती. दागिने नंतर पाहिल्यावर त्याचं कारणही तिला कळलं.

शेत आता नव्हतं. इनास गेला, दिरांनी सह्या मागितल्या, आणि फिलोमिनाने सही केली. कोणी हात धरून करून घेतली नव्हती. त्या शेतावरच आता तो टॉवर उभा होता. पण पेंढी थांबली नाही. डोंबिवलीच्या पलीकडे, शिळफाट्याच्या अंगाला, शेवंती राहायची. तरुणपणी दोघी जांभळी नाक्याच्या बाजारात शेजारी-शेजारी भाजी घेऊन बसायच्या. शेवंतीच्या शेतात हळवं भात लवकर तयार व्हायचं, त्यातली एक पेंढी फिलोमिना दरवर्षी आणायची. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. खुंटीला टांगणारे हात तेच होते ना.

आणि आता ही कादंबरी. नगरकडची. नवरा घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा ऑफिसात. येऊन पुरती चार वर्षं नाहीत, तर मराठी मिस्सेत वाचन तीच करायची. इतकं स्वच्छ वाचायची की पूर्वी वाचणाऱ्या रोझीलाही ते आवडायचं, आणि फिलोमिनाला रोझीचा त्यासाठी राग यायचा. केस लांब. साडी कधी चुरगळलेली नाही. स्वभावाने वाईट असती तर किती सोय झाली असती.

पुढच्याच आठवड्यात ती दारात उभी राहिली. "मावशी, एकदा येऊन बघता का? मला काही कळत नाही त्यातलं. तुम्ही सांगाल तसं करीन."

नाही म्हणायला फिलोमिनाकडे कारण नव्हतं. शिवाय बघायचंही होतंच.

बाल्कनीत पाच टब होते, त्यातला एक बाळाला आंघोळ घालायचा. आणि भात होतं. खरंच होतं. लोंब्या वाकलेल्या. फिलोमिनाने एक दाणा नखाने दाबला, तो पोकळ निघेल या आशेने. दाणा भरलेला होता.

"माती कुठली गं?"

"पाया खणला तेव्हाचा ढीग पार्किंगच्या मागे पडून होता ना. वॉचमनने पोत्यातून आणून दिली."

फिलोमिनाने बोट खुपसलं. काळी, चिकट, आणि तिच्यात तांदळाएवढे पांढरे शिंपले. खाडीकडच्या बांधालगतची माती. त्या शिंपल्यांनी तिचे पाय कितीदा कापले होते. तिला वाटलं, ही माती आपल्याकडे बघतेय आणि ओळख दाखवत नाहीय.

"आणि बियाणं?"

"तुमचंच, मावशी. दारावरच्या पेंढीतून वाऱ्याने पायरीवर दाणे पडतात ना, ते वेचून ठेवलेले मी."

हे जास्तच झालं. फिलोमिना कठड्याशी गेली. खाली देऊळ काडेपेटीएवढं दिसत होतं. आयुष्य या जमिनीवर वाकून गेलं, पण वरून ती कधी पाहिली नव्हती. विहीर होती तिथे लहान मुलांची घसरगुंडी होती.

"पाणी कधी बंद करायचं?" कादंबरीने मागून विचारलं. "कापणीच्या आधी बंद करतात म्हणे."

"नको," फिलोमिना म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला इतका सहज वाटला. "बंद कशाला करतंस? रोज घाल. भरपूर घाल."

इथला वारा आणि त्यात मुळाशी पाणी साचलेलं. भात आडवं होणार, लोंब्या कुजणार. लिफ्टमधून खाली येताना तिला फार बरं वाटलं. नवव्या मजल्यापर्यंत.

त्यानंतर जपमाळेचं काही जमेना. "आमच्या पापांची क्षमा कर" इथे आलं की तिला टब दिसायचे. कुमसाराला, पाप कबूल करायला जावं तर जाळीपलीकडे फादर ऑल्विनच; ते आवाज ओळखतात.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी ती शेवंतीकडे गेली. शेवंतीने पेंढी आधीच बांधून ओटीवर ठेवली होती, नेहमीपेक्षा मोठी.

"एवढी कशाला गं?"

"ने. यंदाचा यो शेवटचा भात, फिलू," शेवंती म्हणाली. "पुढल्या सालाला हितं रस्ता व्हनार. खुना मारून गेली मानसा." मग हसली. "आता मी पन तुज्यासारखी, बिनशेताची. च्या ठेवू?"

फिलोमिनाने चहा घेतला, पण तो कसा लागला ते तिला कळलं नाही. परतीच्या बसमध्ये पेंढी मांडीवर होती. शेवंतीचं भात गेलं तर या भाताचं बी आता कुठे उरणार? बाजूच्या बाईने विचारलं, "पूजेला का?" फिलोमिना हो म्हणाली. उरणार होतं ते बाळाच्या टबात. आणि त्यात रोज भरपूर पाणी घालायला तिने स्वतः सांगितलं होतं.

घरी पेंढी टेकवून ती तशीच टॉवरमध्ये गेली. लिफ्ट येईना तेव्हा जिन्याकडे वळली, तेवढ्यात आली.

"पाणी बंद कर," दार उघडताच ती म्हणाली. "टब कलते कर, असेल तेवढं काढून टाक. मी... मी सांगितलेलं ते..."

कादंबरी तिला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेली. टबांतली माती कोरडी, भेगा पडलेली. वर भात पिवळंधमक, ताठ.

"मी तेव्हाच बंद केलं, मावशी. आई नगरमधल्या अकोले तालुक्याची, डोंगराकडची; तिकडे भातच असतं. ती म्हणाली, पाणी तोड." कादंबरीने एक लोंबी सरळ केली. "तुम्ही सांगितलं ते मी तिला बोलले नाही. म्हटलं, खाऱ्या जमिनीची रीत वेगळी असेल."

फिलोमिनाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हे सांभाळून घेणं होतं की टोमणा, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. टोमणा असता तर परत काही म्हणता आलं असतं.

"हां," ती म्हणाली. "वेगळीच हाय रीत."

रविवारी बँड लागला. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. पुढे क्रूस, मग कादंबरी, मग बाकी सगळे. फिलोमिना तिसऱ्या ओळीत होती, शेवंतीची पेंढी घेऊन. तिने पुढच्या पेंढीवरून नजर काढली नाही. मूठभर तर होती. दोरीऐवजी केसांची रिबीन. आणि कापलेली नव्हतीच. घरात विळा नसणार, बाईने मुळासकट उपटून आणलं होतं. तिने रोझीला ते दाखवायचं ठरवलं आणि मग दाखवलं नाही.

दारापाशी फादरनी पाणी शिंपडलं. पास्कूने, देवळाच्या सेवकाने, स्टूल लावलं. कादंबरी चढली आणि मागे वळून कोणाला तरी शोधू लागली. फिलोमिना खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिली. पट्ट्याला काही झालं नव्हतं. ती उभी राहिली तेव्हा पेंढी खुंटीवर होती, जरा वाकडी.

तिची मोठी पेंढी वेदीपाशी भोपळ्या-केळ्यांच्या शेजारी गेली. छान दिसत होती.

मिस्सा संपली, लोक मैदानात फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि चिकन खायला गेले. फिलोमिना पायरीवर थांबली. स्टूल अजून तिथेच होतं. ती चढली, रिबीन सोडली, आणि शेवंतीच्या पेंढीतून काढून ठेवलेल्या चार काड्या पिळून पेंढी घट्ट बांधली. सरळ केली. तेवढ्यात मुळांची माती सुटली आणि पायरीवर सांडली, काळी, मधेमधे पांढरे कण.

पास्कू झाडू घेऊन आला. "उतर, फिलूबाय. झाडून घेतो, फादर वरडतील."

ती उतरली. रिबिनीची घडी करून पर्समध्ये ठेवली. परत द्यायला लागणार होती.

"त्या बाजूचा झाडून घे," ती म्हणाली. "यो राहू दे."

आणि ती पायरीवर मातीच्या शेजारी बसली, पास्कू दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत.