आगाऊ बक्षिसी

बोट थांबताच साहेबांनी गाइडच्या हातात मोठी नोट कोंबली. "ही बक्षिसी आधीच घ्या, आणि मला खाली बुडालेल्या जहाजाच्या आत घेऊन चला."

गाइडचं डोकं सणकलं. बोटवाला डोळे वटारून बघत होता. बक्षिसीत त्याचाही वाटा असे, आणि सध्या गिऱ्हाइकांचा दुष्काळ होता. तरी गाइडने नोट परत केली.

"बक्षिसी आम्ही वर आल्यावर घेतो."

"आधी घेतली तर काय बिघडतं?"

"मग गिऱ्हाईक म्हणेल तिथे जावं लागतं. माझा थोरला भाऊ असाच त्या जहाजात शिरला." गाइडने साहेबांच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा करकचून आवळला. "संध्याकाळी बोटीवरून त्याचा शर्ट तेवढा घरी आला. खिशात नोट तशीच होती."