सहापैकी चार

घरात माणसं तीन आणि मूत्रपिंडं सहा. त्यांपैकी चार चालू, दोन बंद. बंद पडलेली दोन्ही बाबांची. चालूपैकी दोन आईची, पण आईला मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी ती हिशेबातून वगळलेली. उरलेली दोन मुलीकडे होती आणि तिचं एकावर भागणार होतं. गणित सोपं होतं. आपण केवढे उदार, या विचारानं ती आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होती.

बाबा शिंपी. रविवारी चर्चमधल्या मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगायचे. मुलीला ते मोजपट्टी म्हणत, कारण पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागण्याच्या कितीतरी आधीपासून ती चहातली साखरही सपाट चमच्यानं घालायची. आता बाबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात आणि दिवसभरात लघवी व्हायची जेमतेम कपभर.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी तिघांना समोर बसवलं.

“देताना मनात काही अट?”

“आहेत ना,” मोजपट्टी म्हणाली. “पाच.”

तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न यावा तसा तिचा चेहरा खुलला. “मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. रोज चाळीस मिनिटं चालणं. गोळ्या घड्याळाप्रमाणे. रात्री नऊनंतर शिलाई मशीन बंद. आणि मी काही सांगितलं की ‘बघू’ म्हणायचं नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अटीवर अवयव घेता येत नाही. बाहेर बसा, बोला. नाहीतर उद्याचं रद्द.”

बाहेर बाकावर टेकताच आई म्हणाली, “पुरवणी मागायची राहिलीच की गं तुझी.”

“बाबा, अटी तुमच्याच भल्याच्या आहेत.”

“असतील. पण मग ते देणं नाही, भाड्यानं देणं झालं. मला नको.”

गिऱ्हाइकाला कापड परत करावं इतक्या शांतपणे ते बोलले. बाबांचं ‘नको’ उसवत नसे.

“अब्राहामाशी देवानं करार केला,” बाबा म्हणाले, “तेव्हा जनावरं मधोमध कापून समोरासमोर मांडली होती. त्या काळची रीत अशी, की दोघांनी मधून चालायचं. शब्द मोडला तर माझेही असेच तुकडे होवोत, म्हणून. पण मधून गेलं कोण? धुमसती शेगडी आणि जळती मशाल. म्हणजे एकटा देव.”

“आणि अब्राहाम?”

“गाढ झोपला होता.”

“उद्या तुम्हीही झोपणार आहात.”

“तूसुद्धा. तू काही मशाल नव्हेस.”

आपण आठवडाभर स्वतःला नेमकं तेच समजत होतो, हे कळून तिचे कान तापले. तरी हार मानणं अंगात नव्हतं. “पुढे डोंगरावर देवाच्या अटी आल्याच की. चांगल्या दहा. माझ्या निम्म्याच आहेत.”

“आल्या. पण कधी? लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढल्यावर. आधी सोडवलं, मग आज्ञा. मुलांना हे मी दर वर्षी शिकवतो. तू मागच्या बाकावर बसून खिडकीच्या काचा मोजायचीस.”

“बावीस होत्या,” आई म्हणाली. “घरी येऊन तेवढंच सांगायची.”

मोजपट्टीनं खाली बघितलं. चालणं सोडलं. मशीन सोडलं. ‘बघू’ सोडलं. गोळ्यांपाशी अडली, पण त्याही सोडल्या.

“मीठ?” तिनं विचारलं.

“मीठही.”

“बाबा, निदान सात ग्रॅम.”

आईनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत, ते कळेना. दिवसाला कपभर लघवी होणारा माणूस घासाघीस करत नव्हता, आणि दोन धडधाकट मूत्रपिंडं असलेली ती मात्र ग्रॅमवर अडली होती.

“बरं,” ती म्हणाली. “मीठही.”

“ऑपरेशन झाल्यावर बोल मिठाबद्दल. ऐकेनच असं नाही. पण बोल.”

ती उठून आत गेली. बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

“एकही नाही,” ती म्हणाली, आणि खुलासा जोडायचा मोह तिनं जीभ चावून आवरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्ध आली तेव्हा उशाशी आई होती.

“बाबा बरे आहेत,” आई म्हणाली.

“किती?”

“बरे आहेत म्हटलं ना.”

“आई, किती?”

आई बाबांच्या खोलीत गेली, पलंगाला टांगलेल्या लघवीच्या पिशवीवरच्या खुणा नर्सकडून वाचून घेतल्या आणि परत आली. पहिल्या तासात सहाशे चाळीस मिलिलिटर झाली होती.