ऑर्व्हिलची मूठ

वर्नाने रिव्हर्स टाकला आणि पाय ब्रेकवरच ठेवला. बाजूच्या आरशात शेजारच्या जागेवरचा क्लेटन घडीची खुर्ची उघडताना दिसत होता. त्याच्या शेजारी त्याच्या बायकोने, आर्डिसने, कॉफीचा थर्मास खडीत नीट रोवला. पलीकडच्या ट्रेलरमधून, पिकअपमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घरांतून, आणखी चौघं खुर्च्या काखेत मारून आली आणि अर्धगोल करून बसली.

तिने कुणाला दोष दिला नाही. नव्याने आलेल्याची गाडी जागेवर लागताना बघणं हा या वाळवंटातल्या हिवाळी मुक्कामाचा पहिला आणि फुकटचा खेळ. नवरा गाडीत, बायको मागे उभी राहून हातवारे करणार, आणि दोघंही एकमेकांवर खेकसणार. एक जोडपं तर गाडी मागे घेता घेता घटस्फोटापर्यंत पोचलं होतं. गाडी लागली, मग तेही मिटलं. गेले एकवीस हिवाळे वर्ना आणि ऑर्व्हिल याच खुर्च्यांवर बसून लोकांना हसत आले होते.

आज फरक इतकाच होता की गाडीत बायको होती आणि मागे नवरा.

वसंतात ऑर्व्हिलच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग येऊन बसला. कडेचं दिसे, समोरचं नाही. त्याचा परवाना गेला. सरळ रस्त्यावर ट्रेलर ओढणं वर्नाला जमलं असतं. पण तो मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. दोन महिने ती नॉर्थ डकोटातल्या त्यांच्या शेतात सराव करत राहिली. कुंपणाचे तीन खांब गेले. ऑगस्टमध्ये तिने ट्रेलर विकला, ऑर्व्हिलची पिकअपही विकली, आणि चोवीस फुटांचं एक जुनं मोटरहोम दारात आणून उभं केलं. पुढे स्टिअरिंग, मागे बिछाना, मध्ये चूल. सरळ मागे घ्यावं तर सरळ मागे जाणारं.

ऑर्व्हिल चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "ब्रेडची गाडी आणलीस."

त्याचा राग तिला कळत होता. इथल्या ट्रेलरवाल्यांच्या लेखी मोटरहोमवाले म्हणजे गोगलगायी. पावशेर दूध आणायचं तरी सगळं घर पाठीवर घेऊन गावात जाणारे. ही थट्टा ऑर्व्हिलनेच वीस वर्षं सगळ्यांत मोठ्याने केली होती. काल संध्याकाळी ते मुक्कामाच्या तोंडाशी रात्रीपुरते थांबले, तिथेच क्लेटनने ती त्याला व्याजासकट परत केली. "दूध संपलं की सांग रे ऑर्व्ह, अंगण आम्ही सांभाळतो."

पण आजच्या खेळात थट्टेहून जास्त काही होतं, आणि ते वर्नाला सकाळीच कळलं होतं. हिवाळ्याचा पास काढायला ती मुक्कामाच्या व्यवस्थापकाकडे गेली, तेव्हा आर्डिस रांगेत तिच्या पुढे होती. आर्डिसच्या पोटात काही राहत नाही. जॉलीनने, वर्नाच्या मुलीने, बिस्मार्कहून क्लेटनला फोन केला होता. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या: लिफ्ट, खाली जेवणघर, दर मजल्यावर नर्स. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आईबाबा आपल्या आपण मुक्काम लावतात की नाही, ते बघून क्लेटनने रविवारी तिला खरं काय ते सांगायचं होतं. नाही म्हणाला तर जॉलीन विमानाने येणार, क्लेटनचा जावई गाडी उत्तरेला नेणार, आणि यापुढचे हिवाळे लिफ्टच्या दाराशी जाणार.

"मी सांगितलं असं म्हणू नकोस हं," आर्डिस म्हणाली होती. "पण वर्ना, क्लेटनलाच गाडी लावू दे ना. कुणाला काही वाटणार नाही."

आता क्लेटन उठून खिडकीशी आला. चाळीस वर्षं रेल्वेच्या यार्डात काढलेला माणूस. चाक दिसलं की त्याचे हात शिवशिवत.

"वर्ना, उतर. मी लावतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटं मलाही लागतील."

"आणि मागे कोण बघणार?"

"ऑर्व्ह बघतोय ना."

क्लेटनने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, तो डोंगराकडे बघतोय."

ते खरं होतं. काठी बगलेत धरून ऑर्व्हिल जागेच्या टोकाला उभा होता आणि त्याचं तोंड कोफाच्या डोंगररांगेकडे होतं. समोरचं दिसावं म्हणून तो नेहमीच जरा भलतीकडे बघे. गाडी त्याच्या नजरेच्या कडेला पकडलेली असे. हे क्लेटनला समजावता आलं असतं. पण आपले डोळे कुणी खिडकीतून समजावून सांगावेत हे ऑर्व्हिलला चाललं नसतं, म्हणून तिने काच वर केली.

काचेपलीकडून क्लेटनने स्टिअरिंगशेजारच्या छोट्या पडद्याकडे बोट दाखवलं. निदान त्यात तरी बघ, असं तो म्हणत असावा. गाडीच्या पाठीला कॅमेरा होता. पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा येत, आणि लाल रेघ लागली की थांबायचं. गाडी विकणाऱ्याने त्याचं कौतुक अर्धा तास केलं होतं.

तिने ब्रेक सोडला.

ऑर्व्हिलने दोन्ही तळवे छातीकडे ओढले. ये. डावा हात लांब केला. शेपूट डावीकडे. तिने दिली. एकवीस वर्षं हे हात तिचे होते. आज ते त्याच्या खांद्यांना लावल्यासारखे दिसत होते, जरा मोठे, जरा सावकाश. खडी चाकांखाली करकरली. एक क्रिओसोटचं झुडूप दाराला घासून गेलं. तो पुन्हा म्हणाला, ये. ये. ती येत राहिली.

मग त्याने मूठ वर केली. थांब.

पडद्यावर अजून सगळं हिरवं होतं. मागे मोकळी खडी, थेट दगडांच्या ओळीपर्यंत. आरशातही तेच दिसत होतं. आणि गाडीचं नाक? नाक अजून गाड्यांच्या वाटेत होतं, चांगलं चार फूट.

एकवीस हिवाळे वर्नाने मूठ वर केली होती आणि एकवीस हिवाळे ऑर्व्हिल मूठ वर असतानाही आणखी दोन फूट मागे गेला होता. "मला दिसतंय," असं तो म्हणे. एकदा मागचा दिवा फुटला, एकदा पाण्याचा नळ वाकला, आणि त्या नळावरून दोन दिवस अबोला झाला होता. ती कशी आणि कुठे उभी आहे हे आरशात बघूनही तो थांबत नसे.

तिने ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवून हातात घेतली.

ती उतरेपर्यंत क्लेटन नाकापाशी पोचला होता. जागा भरपूर आहे, किमान दहा फूट, तो दोन्ही हात पसरून दाखवत होता. गाडी रस्त्यात आहे. कुणाचा तरी आरसा जाईल. किल्ली दे, मी सरकवतो.

"नको. लागली गाडी."

"ही लागली?"

"ऑर्व्ह थांब म्हणाला."

"वर्ना, त्याला दिसत..." क्लेटनने वाक्य गिळलं. ऑर्व्हिल काठी टेकत गाडीच्या कडेने येत होता. मग क्लेटन चिडूनच म्हणाला, "मी जॉलीनला काय सांगू?"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. मागे आर्डिसने कपात तोंड घातलं. ऑर्व्हिल जिथल्या तिथे थांबला. हा पहारा त्यालाही ठाऊक आहे की नाही, हे वर्नाला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

"जे बघितलंस ते सांग," ती म्हणाली. "बाप म्हणाला थांब, आई थांबली. सोळाशे मैल असंच आलोय. तिला हेही सांग की आई मुक्कामाला आहे, लिफ्टला नाही."

खुर्च्या एकेक करून मिटल्या.

थोड्या वेळाने व्यवस्थापक बॅटरीच्या गाडीतून आला. त्याच्या मते हे बरोबर दिसत नव्हतं. वर्नाने विचारलं, नियम काय आहे? दोन गाड्यांमध्ये पंधरा फूट अंतर, तो म्हणाला. तिने टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं. क्लेटनच्या ट्रेलरपर्यंत एकोणीस भरले. वाटेबद्दल काय लिहिलंय? वाटेबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. वाट म्हणजे चाकांनी पडलेली, दुसरं काय. तो टोपी सारखी करत निघून गेला.

आत वर्नाने तवा तापवला आणि घरून आणलेली लेफ्सं, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, गरम करायला घेतल्या. ऑर्व्हिल टेबलाशी बसला. बराच वेळ तो बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिला.

"बारा फूट होते अजून," तो म्हणाला.

तिची लोण्याची सुरी थांबली.

"सकाळी तू पासाला गेलीस तेव्हा मोजले. वाटेपासून दगडांपर्यंत किती आहेत ते. दोनदा चाललो."

"तुला दिसत होतं?"

"तू दिसत होतीस. आरशातली."

"मग मूठ का वर केलीस?"

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. म्हणजे तो तिच्याकडे बघत होता.

"तू कुणाचं ऐकतेस ते बघत होतो. माझं, की त्या टीव्हीचं."

तव्यावरची पोळी कडेने काळी व्हायला लागली. तिने ती उलटली. तिला राग यायला हवा होता, आणि तो आलाही. सगळ्या मुक्कामासमोर, आणि तेही आजच्या दिवशी. तिने सुरी जरा जोरात ठेवली.

"आणि मी थांबले नसते तर?"

"तर जॉलीनला मीच फोन केला असता. खोल्या घे म्हणून." त्याने टेबलावरची काठी सरळ केली. "आर्डिस मलाही भेटली होती सकाळी."

वर्नाने पोळीला लोणी लावलं, वर साखर भुरभुरली, गुंडाळी केली आणि त्याच्यापुढे ठेवली. दुसरी स्वतःला घेतली. बाहेर एका ट्रकने वेग कमी केला, हॉर्न दिला, थोडा थांबला, आणि वाट सोडून खडीतून वळसा घालून गेला.

"मागे घेऊ या का आता?" ऑर्व्हिल म्हणाला. "लोकांना अडचण होतेय. या वेळी नीट सांगतो."

"नाही."

"बारा फूट आहेत, वर्ना."

"असू देत. तू थांब म्हणालास, मी थांबले."

संध्याकाळपर्यंत आणखी तीन गाड्या वळसा घालून गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणी हॉर्न दिला नाही. तिसऱ्या दिवशी वळशावरची खडी दोन्ही चाकांच्या रुंदीला दबली होती आणि जुन्या वाटेवर वाऱ्याने काटक्या आणून टाकल्या होत्या. रविवारी दुपारी क्लेटन फोन कानाला लावून ट्रेलरमधून बाहेर पडला. मान खाली घालून, मोकळ्या हाताने हवेत काहीतरी मोजत, "तुझा बाप म्हणाला थांब, तुझी आई थांबली," असं सांगत तो वाटेने चालत आला, आणि मोटरहोमच्या नाकापाशी वर न बघताच नव्या वाटेबरोबर वळला.