फळासाठी राखलेला कोपरा

मी एक कागद बोलतोय. साधासुधा नव्हे हं! जुन्या सुती चिंध्या कुटून, त्यांचा लगदा करून हाताने गाळलेला जाड कागद. मला वाया घालवायची कुणाची छाती होईना, म्हणून दुकानात बरीच वर्षं पडून होतो. मग ताईंनी मला घरी आणलं.

ताई झाडांची चित्रं काढायच्या. त्यांची धाकटी बहीण वनस्पतींची अभ्यासक. तिने डोंगर पालथे घालून झुडपं शोधायची आणि ताईंनी ती पुस्तकासाठी रेखाटायची, असं चालायचं.

एकदा बहिणीने आजवर कुणीच न नोंदवलेल्या जातीची फुललेली फांदी आणली. ताईंनी ती पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि खिडकीपाशी बसून नुसत्या बघत राहिल्या. सकाळ सरली तरी पेन्सिलीला हात नाही. मला वाटलं, बाईंचा डोळा लागला की काय! पण नाही. देवासमोर बसलेली माणसं डोळे मिटतात, ताई उघडे ठेवायच्या, एवढाच काय तो फरक.

मग भिंग आलं, मोजपट्टी आली. पानावरची लव, फुलातले केसर, सगळं जसंच्या तसं माझ्यावर उतरलं.

"किडीने खाल्लेलं पान कशाला काढलंस?" बहिणीने विचारलं.

"माझ्यासमोर तेच आलं."

खालचा उजवा कोपरा मात्र त्यांनी कोरा ठेवला. तिथे फळ यायचं होतं. हंगाम उलटला की फळ समोर ठेवून काढायचं, ही त्यांची रीत.

त्या वर्षी झुडपाला फळच धरलं नाही. पुढच्या वर्षी दरड कोसळून वाट बंद झाली. इकडे ताईंच्या नजरेत मधोमध काळा डाग पसरत चालला होता. यावर उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. माझ्यावर वाकताना ताई मान वाकडी करून कडेने बघायच्या.

बहिणीचा धीर सुटला. "ताई, पलीकडच्या डोंगरावरच्या जातीचं फळ आहे माझ्याकडे. या दोन्ही जाती सख्ख्या बहिणीच म्हण ना. ते बघून काढून टाक. कुणाला कळणार आहे?"

"सख्ख्या बहिणी? तुझं नाक माझ्यासारखं आहे का गं?" ताई हसल्या. "मला कळेल ना. न पाहिलेलं मी काढत नाही."

"मग उशीर होईल गं."

"होऊ दे."

आणि उशीर झालाच. वाट मोकळी झाल्यावर बहीण त्याच झुडपाचं फळ घेऊन धापा टाकत आली, तेव्हा ताईंना खिडकीचा उजेड तेवढा कळत होता. त्यांनी फळ हातात घेतलं, देठापासून टोकापर्यंत बोटं फिरवली. पुन्हा तशीच सकाळ गेली. बहीण आवाज न करता रडत होती.

"पाच कंगोरे आहेत," ताई म्हणाल्या. "त्या दुसरीला किती?"

"तीन," बहीण हळूच म्हणाली.

ताईंनी चाचपडत माझा कोरा कोपरा शोधला. "वाळलं की इथे ठेव."

बहिणीने वाळलेलं फळ कागदाच्या पुडीत घालून ती पुडी माझ्या कोपऱ्यावर चिकटवली. मग ताईंनी खाली सही केली. ती जरा तिरकी गेली आहे. माझ्यावरची तेवढीच रेघ त्यांनी न बघता ओढली.

ताई गेल्या. आता मी एका संस्थेच्या कपाटात, खणात असतो. लोक येतात, फुलाचा फोटो काढतात, खण लोटून देतात. रागावत नाही मी, पण एक मागणं आहे. घाई नसेल तेव्हा या. पुडी उघडा, फळ तळहातावर घ्या, उजेडाकडे धरा आणि थोडा वेळ काही बोलू नका. ताईंचं तेवढं बघायचं राहून गेलंय.