चलनावरचा शब्द

आमच्या यांनी गिरणीत बावीस वर्षं माग चालवले. संपात गिरणी बंद पडली त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून दोन भाकऱ्या वाढल्या तर एक परत टोपलीत टाकत. "भूक नाय गो," म्हणत. या माणसाला खोटं बोलता येत नाही, तरी रोज बोलत.

तसंच एक खोटं साकीनाक्याच्या कारखान्यात बोलून आले. "मालाच्या चलनावर इंग्रजीत लिहिता येतं का?" मालकाने विचारलं. "येतं," म्हणाले. चौथी पास माणूस, तीही गावच्या शाळेत! आठ दिवस गेटवर काम बघतो, मग ठेवायचं की नाही ते ठरवतो, असं मालक म्हणाला.

लिहायचं काय, तर माल आला की चलनावर 'रिसीव्ड' आणि खाली सही. पण त्या एका शब्दाने आमचं असल्फ्याचं घर डोक्यावर घेतलं. आठवीतली आमची उत्तरा मास्तरीण झाली. ई आधी की आय आधी, ते भाकऱ्या थापता थापता मलाही पाठ झालं. यांच्या पाटीवर मात्र रोज वेगळाच शब्द उमटे. शेवटी पोर वैतागली. "बाबा, स्पेलिंग राहू दे. अर्थ तरी लक्षात ठेवा. रिसीव्ड म्हणजे मिळालं. आपल्या हातात आलं."

सात दिवस मालाचा टेम्पो आलाच नाही. आठव्या दिवशी येणार होता, म्हणून देव पाण्यात घालून मी डबा घेऊन गेटवर गेले, तर तिथे तमाशा चाललेला. टेम्पोवाला ओरडत होता, "अरे मामा, सही कर ना! बेअरिंगची वीस खोकी दिसतायत ना? लिहायला येत नाय तर सरळ सांग ना!" हे घामाघूम. चलन कोरं, आणि हे एकेक खोकं उघडून बघतायत. शब्द आठवत नाही म्हणून वेळ काढतायत, असं मला वाटलं. लागली वाट, म्हटलं.

ओरडा ऐकून मालक बाहेर आला.

"शेठ, अडाणी माणूस ठेवलाय तुम्ही," टेम्पोवाला म्हणाला. "अर्धा तास झाला, एक शब्द लिहीत नाय."

यांनी तळातली दोन खोकी पुढे सरकवली. आत बेअरिंग एकही नाही, नुसता पेंढा.

"आधीचा माणूस तर खोकी मोजून लिहून मोकळा व्हायचा," मालक म्हणाला. "तू का उघडलीस?"

"पोरीने सांगितलं, रिसीव्ड म्हणजे मिळालं. मिळालंच नाय तर लिहू कसं, साहेब?" मग यांनी मान खाली घातली. "आणि खरं सांगतो, मला इंग्रजी येत नाय. हा एकच शब्द, तोही धड नाय."

असा राग आला मला यांचा! हाताशी आलेली नोकरी स्वतःच्या तोंडाने घालवायची काय गरज होती?

मालकाने चलन घेतलं, वर स्वतः 'अठरा' लिहिलं आणि परत यांच्या हातात दिलं. "सही कर, मराठीत केलीस तरी चालेल. सोमवारपासून तू कायम. शब्द काय, येईल हळूहळू."

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच बाकावर बसून मी रडले.

"रडतंस कित्याक गो?" हे म्हणाले. "डबो दी. भूक लागली हा."

दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या, आणि डब्यात बघत मला विचारलं, "आणखी आसा काय?"